चिठ्ठी, न्याय आणि ऋण

यहूदाची रिकामी झालेली जागा भरण्यासाठी प्रेषितांनी चिठ्ठ्या टाकल्या आणि मत्थियाची निवड झाली, हा प्रसंग ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या पहिल्याच अध्यायात आहे. माणसाची आवडनिवड बाजूस ठेवून निर्णय व्हावा, हा त्यामागील भाव. विसाव्या शतकात वैद्यकशास्त्रानेही, निराळ्या हेतूने का होईना, याच चिठ्ठीचा आश्रय घेतला.

त्याची गरज का पडली? आमच्या मेहरूणमध्ये काय किंवा अन्यत्र काय, ‘अमुक औषधाने मला गुण आला’ असे सांगणारे पुष्कळ भेटतात. परंतु तो गुण औषधाचा की काळाचा, हे एकट्याच्या अनुभवावरून ठरत नाही. १८९७ साली मुंबईत प्लेगचे थैमान चालू असताना डॉ. हाफकिन यांनी आपली लस प्रथम स्वतःला टोचून घेतली आणि मग भायखळ्याच्या तुरुंगात स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांना दिली. लस घेतलेल्यांत प्लेग कमी आढळला. तरीही शंका उरतेच: आपणहून पुढे येणारे मुळातच अधिक धडधाकट नसतील कशावरून? ही शंका चिठ्ठीने मिटते. १९४८ साली ब्रिटनमध्ये क्षयावरील स्ट्रेप्टोमायसिनची अशी परीक्षा प्रसिद्ध झाली. औषध मिळालेल्या ५५ रुग्णांपैकी सहा महिन्यांत ४ दगावले, केवळ विश्रांतीवर ठेवलेल्या ५२ पैकी १४.

ही पद्धत आपल्या महाराष्ट्राच्या खेड्यांपर्यंत येऊन पोहोचली, ती कथा फारशी सांगितली जात नाही. उस्मानाबाद जिल्ह्यात (आताचा धाराशिव) १९९९ साली मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय, बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय आणि फ्रान्समधील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून एक मोठे कार्य आरंभिले. तीस ते एकोणसाठ वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रिया त्यात होत्या. गावांचे ५२ समूह करून चिठ्ठी टाकावी तशा रीतीने त्यांचे चार गट पाडण्यात आले. तीन गटांत गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तीन निरनिराळ्या प्रकारांनी तपासणी झाली. चौथ्या गटाला नेहमीचीच व्यवस्था राहिली. तपासणी कोठे मिळेल एवढे त्यांना सांगण्यात आले.

निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाला. आठ वर्षांत चौथ्या गटातील ३१,४८८ स्त्रियांपैकी ६४ जणी या रोगाने गेल्या. एचपीव्ही या विषाणूची तपासणी एकदाच करण्यासाठी नेमलेल्या गटातील ३४,१२६ स्त्रियांपैकी ३४. आयुष्यात एकदा केलेल्या तपासणीने मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. इतर दोन प्रकारांनी तेवढा निश्चित लाभ दिसला नाही. २०२१ साली जागतिक आरोग्य संघटनेने याच तपासणीला अग्रक्रम दिला.

परंतु त्या ६४ जणींचे काय? २०१४ साली ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्स’मध्ये असा प्रश्न विचारण्यात आला की, तपासणीचा उपयोग पाश्चात्य देशांत अनेक वर्षे ठाऊक असताना एका गटाला तिच्याविना ठेवणे योग्य होते काय? दुसऱ्या बाजूचे उत्तर असे की, त्या काळी खेड्यांत अशी तपासणी कोणालाच मिळत नव्हती. जे नव्हतेच ते काढून घेतले गेले नाही. उत्तर तर्काला धरून आहे. तरीही मन निश्चिंत होत नाही.

१९५२ साली पोप बारावे पायस यांनी वैद्यकीय संशोधनाच्या मर्यादांवर भाषण केले. अवयव जसा शरीरासाठी असतो तसा माणूस समाजासाठी नसतो, म्हणून समाजहिताच्या नावाखालीही त्याला निव्वळ साधन बनविता येत नाही, हा त्याचा गाभा. नव्व्याण्णव मेंढरे सोडून एकाला शोधणाऱ्या मेंढपाळाच्या अनुयायांना हे नवे नाही. चिठ्ठी अन्याय्य नाही. ती सर्वांना सारखीच लागते. पण चिठ्ठीत जिचा गट मागे राहिला, तिला पुढे विसरणे मात्र अन्याय्य ठरेल.

म्हणून आमच्या धर्मग्रामांतील भगिनींना आमचे सांगणे आहे: संकोचाने ही तपासणी टाळू नका. ती उपयोगाची आहे हे ज्ञान कोणा पंडिताच्या कल्पनेतून आलेले नाही. धाराशिवच्या खेड्यांतील अनाम स्त्रियांनी त्याचे मोल दिले आहे. त्यांच्यासाठी प्रार्थना करावी, आणि त्यांच्या ऋणातून थोडे तरी उतराई होण्यासाठी आपण स्वतः तपासून घ्यावे.