जॉबर ते ऑनलाइन दलाल: जामसंड्याची चाकरी आणि ओळखीचा प्रश्न

देवगड बंदराला लागून असलेल्या जामसंड्याचा आर्थिक इतिहास कातळावरच्या हापूसइतकाच मुंबईहून येणाऱ्या मनीऑर्डरीने घडवला आहे. पावसाळी भाताचे अपुरे पीक, वाटण्यांनी तुकडे झालेली जमीन आणि देवगडला लागणाऱ्या किनारी आगबोटी यांमुळे जुन्या रत्नागिरी जिल्ह्याच्या या दक्षिण भागातील, म्हणजे १ मे १९८१ पासूनच्या सिंधुदुर्गातील, तरुण एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून गिरणगावाची वाट धरू लागले. नोकरीसाठी शहरात राहणाऱ्या, पण सणासुदीला गावी परतणाऱ्या या माणसाला कोकणात ‘चाकरमानी’ म्हणतात. दूरची नोकरी आणि ती लावून देणारा मध्यस्थ यांच्याशी या किनाऱ्याचा संबंध म्हणूनच फार जुना आहे.

गिरणीतील भरती प्रत्यक्षात व्यवस्थापकाच्या नव्हे, तर जॉबरच्या, म्हणजे खात्यातील कामगारांवर देखरेख ठेवणाऱ्या मुकादमाच्या हाती असे, आणि काम लावल्याबद्दल किंवा टिकवल्याबद्दल तो जी रक्कम उकळी तिला ‘दस्तुरी’ म्हणत. भारतीय कामगारांसंबंधीच्या शाही आयोगाने १९३१ च्या अहवालात या लाचखोरीवर कडक टीका केली आणि भरतीचे अधिकार जॉबरकडून काढून घेण्याची शिफारस केली. तथापि, इतिहासकार राजनारायण चंदावरकर यांनी दाखवल्याप्रमाणे, जॉबरची सत्ता निरंकुश नव्हती. ती वस्ती, नातेगोते आणि गावकी यांच्या आधारावर उभी असल्यामुळे त्याच लोकांपुढे त्याला आपली पत सांभाळावी लागे. त्याने पैसे घेतले तरी नोकरी खरी असे, गिरणी डोळ्यांना दिसे, आणि त्याचे घर कुठे आहे हे कामगाराला ठाऊक असे.

१९८२ च्या गिरणी कामगारांच्या संपानंतर गिरण्यांचा आधार सुटत गेला, तसे आखाती देशांतील आणि व्यापारी जहाजांवरील काम कोकणातील तरुणांना अधिकच खुणावू लागले. येथे मध्यस्थाला गावकीचा धाक उरला नव्हता, म्हणून ती जागा कायद्याने भरून काढण्याचा प्रयत्न झाला. १९८३ च्या उत्प्रवासन अधिनियमाने परदेशी कामासाठी भरती करणाऱ्या एजंटला सरकारी नोंदणी सक्तीची केली, तर खलाशांची भरती करणाऱ्या संस्थांना नौवहन महासंचालनालयाचा परवाना आवश्यक ठरला आणि नोकरी लावण्यासाठी खलाशाकडून शुल्क घेण्यास मनाई झाली. परवाना हा एका अर्थाने ओळखीचाच कागदी पर्याय होता.

घरबसल्या कामाचे आमिष दाखवणाऱ्या आजच्या बनावट देकारांनी नेमकी ही ओळखच पुसून टाकली आहे. नामांकित कंपनीचे बोधचिन्ह लावलेले नियुक्तिपत्र, केवळ संदेशांवर उरकलेली मुलाखत, किरकोळ कामाला भरघोस मोबदला, सुरुवातीला विश्वास बसावा म्हणून खात्यावर जमा केलेले थोडे पैसे आणि नंतर नोंदणी, प्रशिक्षण किंवा अनामत या नावाखाली केलेली मागणी, असा त्यांचा क्रम असतो. परदेशी नोकरीच्या बनावट देकारांबाबतही परराष्ट्र मंत्रालयाने सप्टेंबर २०२२ मध्ये इशारा दिला होता की, थायलंडमधील संगणक क्षेत्रातील नोकऱ्यांच्या नावाखाली भारतीय तरुणांना बेकायदा म्यानमारमध्ये नेऊन अडकवून ठेवले जात आहे. ज्या नोकरीसाठी उमेदवारालाच आधी पैसे भरावे लागतात, ती खोटी मानूनच पुढची चौकशी करावी, हा यातला पहिला धडा होय.

मालवणी मुलखात परक्याला पहिला प्रश्न विचारला जातो तो ‘तू खंयचो, कोणाचो?’ हा, आणि नोकरी देऊ करणाऱ्यालाही तोच विचारला पाहिजे: कंपनीच्या स्वतःच्या कार्यालयाशी बोलून देकाराची खातरजमा करावी, एजंटचा परवाना सरकारी यादीत तपासावा आणि ऑनलाइन फसवणूक झाल्यास १९३० या सायबर मदत क्रमांकावर विनाविलंब तक्रार नोंदवावी. मुंबईतील गावकऱ्यांच्या सामायिक खोलीत एकाला बसलेली ठेच दुसऱ्याला सावध करी, कारण ती तिथे मोकळेपणाने सांगितली जाई. आज फसलेला तरुण लाजेने गप्प राहतो आणि त्याच्या मौनामुळे शेजारच्या घरातला पुढचा तरुण त्याच जाळ्यात सापडतो. म्हणून त्याला दोष न देता बोलते करणे हे गावाचे कर्तव्य आहे.