मागच्या चाकांचा ब्रेक आणि मुंबईचे मिस्त्री

1928 साली जनरल मोटर्सने शिवडीस मोटारी जुळविण्याचा कारखाना काढला, 1944 साली वालचंद हिराचंदांनी प्रीमियर ऑटोमोबाईल्सची स्थापना केली, आणि 1953 साली संपूर्ण गाडी येथेच घडविण्याची योजना नसलेल्यांना परवाना न देण्याचे धोरण सरकारने अंगीकारताच परदेशी कंपन्या काढता पाय घेऊ लागल्या. त्यामुळे सुट्या भागांची टंचाई कायमचीच झाली, आणि दोष अचूक ओळखून आहे तोच भाग पुन्हा उपयोगी आणणारी मिस्त्रीमंडळींची विद्या मुंबईत नांदू लागली; माझ्या मते शहराच्या औद्योगिक इतिहासात तिचे स्थान कारखान्यांच्या बरोबरीचे आहे.

प्रीमियरच्या कुर्ल्याच्या कारखान्यात बनणाऱ्या फियाटला, जी पुढे प्रीमियर पद्मिनी म्हणून टॅक्सीच्या रूपाने घरोघरी परिचित झाली, चारही चाकांस ड्रमचे ब्रेक असत. ब्रेक दाबताच गाडीचा भार पुढे झुकतो व मागची चाके हलकी होतात, त्यामुळे मागचा ब्रेक क्षीण झाल्याचे रिकाम्या गाडीत चालकास सहसा उमगत नाही. उतारूंनी व सामानाने लादलेली गाडी घाट उतरू लागली म्हणजेच ते ध्यानी येते. पेडल प्रथम खोल जाऊन दुसऱ्या दाबास वर उभे राहिले, तर ड्रमला आतून घासणारे शू झिजून त्यापासून दुरावले असे मिस्त्री मानी. पेडल स्पंजासारखे लागले तर नळीत हवा. ड्रम उतरविल्यावर मात्र खरी परीक्षा होई. व्हील सिलिंडरच्या रबरी टोपीमागे पातळ ओल आढळली तर ब्रेक ऑइल गळते आहे, आणि अॅक्सलच्या बाजूने गंधकासारख्या उग्र वासाचे दाट तेल उतरले असेल तर ऑइल सील गेले आहे, हा भेद बोटांनी चाचपून व वास घेऊन केला जाई. तेलाने माखलेले शूवरचे लायनर, म्हणजे घर्षणपट्टी, धुऊन भागत नाही, ते बदलावेच लागते. आणि सिलिंडरचे रबर पेट्रोलने पुसले तर फुगून निकामी होते, हे नवशिक्यास आधी बजावले जाई.

नवे लायनर शूवर रिव्हेटांनी बसवीत, रिव्हेटांची डोकी पृष्ठभागाखाली राहतील इतकी खोल; नाहीतर ती ड्रमला चरे पाडीत. चरे पडलेला ड्रम लेथवर काढीत, पण दोन्ही बाजूंचा सारखाच, अन्यथा ब्रेक लागताच गाडी एका अंगास ओढे. अखेरीस मदतनिसास पेडलवर बसवून, पेडलपासून सर्वांत दूरच्या चाकाने आरंभ करून ब्रेकच्या नळ्यांतील हवा काढीत.

त्या लायनरांत अॅस्बेस्टॉस असे, आणि ड्रममधील धूळ फुंकरीने उडविण्याचा प्रघात होता. तिचे तंतू फुफ्फुसांत रुतून बसतात.