किशोरवयातील मिरगी : ऑपरेशनने फरक पडतो का?

वारजेत आपल्या काही घरांत मुलाला फिट आली की ‘असर’ समजून झाडफूक चालते आणि मोलाची वर्षे जातात. मिरगी हा मेंदूचा आजार आहे. दोन योग्य औषधे नीट घेऊनही फिट थांबत नसेल, तर एमआरआय आणि व्हिडिओ ईईजी करून ऑपरेशन शक्य आहे का ते पाहतात.

दिल्लीच्या एम्समधील ११६ मुलामुलींचा (वय १८ पर्यंत) अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. ऑपरेशन झालेल्यांपैकी ७७ टक्क्यांना वर्षभरानंतर फिट येत नव्हती. फक्त औषधांवर असलेल्यांत हे प्रमाण ७ टक्के होते. मात्र ऑपरेशनवाल्यांत सुमारे तिघांपैकी एकाला गंभीर त्रासही झाला. काहींचे एका बाजूचे हातपाय कमजोर झाले. म्हणून फायदा-तोटा डॉक्टरांना स्पष्ट विचारा.

ऑपरेशननंतरही गोळ्या लगेच बंद होत नाहीत. दुआ जरूर करा, पण रमजानमध्येही डॉक्टरांना विचारल्याशिवाय दवा चुकवू नका, असे आम्ही सांगू.