आजीचे वाचन

जबलपूर शहरात नेपियर टाउनला लागून राइट टाउन नावाची वस्ती आहे. तिचे नाव इंग्रजी, भोवतालची भाषा हिंदी. आणि तरीही तेथील काही घरांतून पिढ्यान् पिढ्या मराठी बोलली गेली आहे. अशा घरातील मुले हिंदीतून शिकत, कर्ता पुरुष कचेरीत इंग्रजीतून टिपणे लिही, आणि भाजीवाल्याशी, दूधवाल्याशी होणारा सर्व व्यवहार हिंदीत चाले. मग मराठी टिकली ती कोणाच्या बळावर? या प्रश्नाचे उत्तर राजवटींच्या इतिहासात शोधू गेल्यास ते अर्धेच हाती लागते. उरलेल्या अर्ध्या उत्तरासाठी घराच्या माजघरात डोकवावे लागते. दुपारची झाकपाक आटोपल्यावर चष्मा लावून पुस्तक उघडणारी आजी तेथे बसलेली असे.

राजवटींचा इतिहास थोडक्यात असा : गढा-मंडल्याच्या गोंड राजांकडून हा मुलूख १७८१ साली सागरच्या मराठी अंमलदारांकडे गेला. पुढे १७९८ मध्ये पेशव्यांनी नर्मदेचे खोरे नागपूरकर भोसल्यांना दिले, आणि १८१७ च्या डिसेंबरात जबलपूर इंग्रजांनी घेतले. म्हणजे तेथील मराठी सत्तेचे आयुष्य उणेपुरे छत्तीस वर्षांचे. मराठी माणसांची खरी वस्ती वाढली ती सत्ता गेल्यानंतर. १८६१ साली मध्य प्रांत अस्तित्वात आला आणि नागपूर त्याची राजधानी झाली. १८७० साली मुंबईकडून आलेला आणि अलाहाबादकडून आलेला असे दोन्ही लोहमार्ग जबलपुरास येऊन मिळाले. कचेऱ्या, न्यायालये, शाळा, टपाल, रेल्वे आणि पुढे १९०४ साली सुरू झालेला तोफगाड्यांचा कारखाना यांच्या आश्रयाने मराठी कुटुंबे येथे स्थिरावत गेली. तलवारीच्या बळावर आलेली भाषा छत्तीस वर्षांनी निघून गेली असती, तर त्यात नवल नव्हते. लेखणीच्या पोटामागे आलेली भाषा मात्र घर करून राहिली.

परंतु पुरुषाची नोकरी त्याला दिवसभर परभाषेत ठेवी. घरची भाषा सांभाळण्याचे काम सहजच घरातील स्त्रीकडे आले. पुण्याहून, नागपुराहून किंवा वऱ्हाडातून सून म्हणून आलेली मुलगी आपल्या पेटीत लुगड्यांच्या घडीखाली एखादी पोथीही आणी. श्रीधरस्वामींचा 'हरिविजय' किंवा 'पांडवप्रताप', 'शिवलीलामृता'चा अकरावा अध्याय, हे तिचे पहिले ग्रंथभांडार. कालांतराने त्यात हरि नारायण आपट्यांच्या कादंबऱ्यांची भर पडली. १८९५ साली काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी सुरू केलेले 'मनोरंजन' टपालाने येऊ लागले. १९३० नंतर किर्लोस्करांचे 'स्त्री' मासिक आले. ज्या आगगाडीने नोकरदाराला मायभूमीपासून दूर नेले, तीच आगगाडी त्याच्या घरी मराठी मासिकाचा अंक पोचवीत होती.

आज हे सारे अगदी स्वाभाविक वाटते. परंतु आजीच्या हातातील ते पुस्तक तिला सहजासहजी मिळालेले नव्हते. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात मुलींची शाळा काढली ती १८४८ साली. आणि त्यानंतर अर्धशतक उलटून गेल्यावर, १९०१ च्या जनगणनेत, हिंदुस्थानातील शंभर स्त्रियांमागे एकही पुरती साक्षर निघाली नाही. शिकलेल्या स्त्रीला वैधव्य येते, अशी समजूत शिष्ट म्हणविणाऱ्या घरांतही होती. बाईने पोथी ऐकावी. फार तर वाचावी. छापील पुस्तक हाती धरणे म्हणजे घरातील वडीलधाऱ्यांचा उपमर्द करणे होय, असे मानले जाई.

या विरोधाचे स्वरूप रमाबाई रानडे यांनी 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' या १९१० साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात फार संयमाने वर्णिले आहे. १८७३ साली विवाह होऊन त्या महादेव गोविंद रानडे यांच्या घरी आल्या, तेव्हा त्यांना अक्षरओळखही नव्हती. पती शिकवावयास उत्सुक. तर घरातील वडील बायकांना सुनेचे शिकणे मुळीच खपत नसे. इंग्रजी वाचनास प्रारंभ झाल्यावर तर टोमण्यांना सीमा राहिली नाही. हा विरोध बाहेरच्या कोणा सनातन्याने केला नाही. तो एकाच छपराखाली राहणाऱ्या, एकाच पंक्तीला जेवणाऱ्या स्त्रियांनी केला, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. ज्यांना स्वतःला पुस्तक मिळाले नव्हते, त्यांना दुसरीच्या हातातील पुस्तक सहन होत नव्हते. रमाबाईंनी त्यांना उलट उत्तर दिले नाही, आणि वाचनही सोडले नाही.

काशीबाई कानिटकर यांची हकीकतही याच जातीची आहे. १८६१ साली जन्मलेल्या काशीबाई नवव्या वर्षी कानिटकरांच्या घरी आल्या. गोविंदराव कानिटकर हे विद्याव्यासंगी; मिल्लचा स्त्रियांच्या पारतंत्र्यावरील निबंध पुढे त्यांनीच मराठीत आणला. निरक्षर पत्नी ही त्यांच्या मनाची पहिली निराशा होती, आणि काशीबाईंना ते कळत होते. घरच्या माणसांच्या नजरा चुकवीत त्या वाचावयास शिकल्या. त्याच काशीबाईंनी पुढे 'रंगराव' ही कादंबरी लिहिली, डॉक्टर आनंदीबाई जोशी यांचे चरित्र सिद्ध केले, आणि हरिभाऊ आपट्यांसारख्या लेखकाशी बरोबरीच्या नात्याने वाङ्मयाची चर्चा केली. त्यांचे स्वतःचे आत्मकथन मात्र त्यांच्या हयातीत पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाले नाही. १९४८ साली त्या निवर्तल्या. आणि त्यानंतर तीसएक वर्षांनी सरोजिनी वैद्य यांनी ते वाचकांपुढे आणले.

एवढ्या सायासाने मिळविलेल्या वाचनाने या स्त्रियांना काय दिले? हरिभाऊंची 'पण लक्षात कोण घेतो!' ही कादंबरी १८९० पासून 'करमणूक' पत्रातून क्रमशः येऊ लागली. तिच्यात यमू नावाची मुलगी आपले सासर-माहेर, आपला नवरा, आपले वैधव्य हे सारे स्वतःच्या तोंडाने सांगते. घराघरांत जे रोज घडत होते आणि ज्याविषयी कोणी बोलत नव्हते, ते प्रथमच छापील अक्षरांत दिसले. माजघरातील वाचक स्त्रीला त्यात स्वतःचे घर ओळखू आले. आपल्यावर येणारा प्रसंग हा केवळ आपल्या नशिबाचा भोग नसून तो समाजाच्या रीतीतून येतो, ही जाणीव व्याख्यानांनी झाली नसती इतकी या वाचनाने झाली.

ही जाणीव झालेली स्त्री वृद्धपणी आपल्या संसाराकडे कशा दृष्टीने पाहते, याचे मराठीतील सर्वांत समृद्ध उदाहरण म्हणजे लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे'. १८६८ साली जन्मलेल्या लक्ष्मीबाईंनी शाळेचे शिक्षण घेतले नव्हते. अकराव्या वर्षी त्यांचा नारायण वामन टिळकांशी विवाह झाला. टिळक कवी, मनाने उदार, पण स्वभावाने तापट आणि भटके. १८९५ साली त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, तेव्हा लक्ष्मीबाईंच्या संसाराचे दोन तुकडे झाले. काही वर्षांच्या ताटातुटीनंतर त्या पतीकडे परत गेल्या, आणि १९०० साली त्यांनीही तो धर्म स्वीकारला. १९१९ साली टिळक वारले. 'ख्रिस्तायन' हे त्यांचे काव्य जेमतेम दहा-अकरा अध्यायांवर थांबले होते. ज्या बाईला अक्षरे गिरवावयास संसारातूनच वेळ काढावा लागला होता, तिने पुढचे साठांवर अध्याय लिहिले.

'स्मृतिचित्रे' लिहिली गेली तीही एका घरगुती कारणाने. चिरंजीव देवदत्त यांना वडिलांचे चरित्र लिहावयाचे होते. त्यासाठी त्यांनी आईजवळ आठवणी मागितल्या. आई सांगू लागली, आणि त्या सांगण्यातून चरित्राच्या साधनाऐवजी एक स्वतंत्र ग्रंथच उभा राहिला. त्याचा पहिला भाग १९३४ साली प्रसिद्ध झाला. १९३६ मध्ये लक्ष्मीबाई निवर्तल्या. त्यांच्या आजोबांना सत्तावनच्या धामधुमीनंतर फाशी झाली, आणि त्या धक्क्याने त्यांच्या वडिलांना सोवळ्याचे वेड लागले. बाहेरून येणारी वस्तू धुतल्यावाचून घरात घ्यावयाची नाही, असा त्यांचा दंडक होता. या वेडापायी साऱ्या घराने काय सोसले, ते लक्ष्मीबाई हसतहसत सांगतात. पतीचा संतापही त्या लपवीत नाहीत, आणि त्याची थोरवीही कमी करीत नाहीत. ज्या माणसांनी छळले त्यांच्यावर सूड उगवावा, किंवा ज्यांच्यावर प्रेम केले त्यांना देव्हाऱ्यात बसवावे, असे दोन सोपे मार्ग त्यांच्यापुढे होते. त्यांनी दोन्ही टाळले. आपल्याच घराकडे थोडे दूर उभे राहून पाहण्याची ही शक्ती त्यांच्या उपजत विनोदबुद्धीला अक्षरांची जोड मिळाल्यानेच एवढी फळास आली, असे म्हणावयास हरकत नाही. पुढे त्यांचे नातू अशोक देवदत्त टिळक यांनी 'स्मृतिचित्रां'ची नवी आवृत्ती संपादित केली. आजीचे बोलणे मुलाने मागून घेतले आणि नातवाने जतन केले. ग्रंथाचा वारसा कुटुंबात असाही चालतो.

राइट टाउनसारख्या वस्तीतील आजीच्या वाचनाला आणखी एक अंग असे. ती दोन भाषांच्या सीमेवर राहत होती. देवनागरी दोहींची सामाईक. त्यामुळे मराठी वाचणाऱ्या स्त्रीला हिंदी पुस्तक परके राहत नसे. याच जबलपुरात राहणाऱ्या सुभद्राकुमारी चौहान यांनी झाशीच्या राणीवर कविता लिहिली, आणि मराठी घरात जन्मलेली ती राणी हिंदी मुलांच्या ओठावर गेली. उलट दिशेचे उदाहरण मुक्तिबोध कुटुंबाचे आहे. हे घराणे मूळचे खानदेशातील, आणि नोकरीनिमित्त ग्वाल्हेर संस्थानात गेलेले. वडील पोलिस खात्यात अधिकारी होते. आई बुंदेलखंडाच्या हिंदी वातावरणात वाढलेली. ती माउली प्रेमचंद आणि हरिभाऊ आपटे या दोघांचीही भक्त होती. मोठा मुलगा गजानन माधव मुक्तिबोध हा हिंदीतील थोर कवी झाला. १९४६ च्या सुमारास तो जबलपुरात हितकारिणी शाळेत शिकवीत असे आणि एका दैनिकातही काम करीत असे. धाकटा शरच्चंद्र मराठीत कवी, कादंबरीकार आणि समीक्षक म्हणून गाजला. १९७९ साली त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. आपल्याला प्रेमचंदांचे भक्त आईने केले, असे गजाननरावांनी एका लेखाच्या शीर्षकातच नमूद केले आहे. ढोंगाविषयी आणि उच्चनीचतेविषयी आपल्या मनात जी चीड आहे, तीही आईच्या शिकवणीतून आली, असे ते त्या लेखात सांगतात. आईने दोन भाषांत वाचले आणि दोन मुलांनी दोन भाषांत लिहिले. विद्यापीठांच्या वाङ्मयेतिहासात या दोघा भावांची प्रकरणे वेगवेगळ्या ग्रंथांत पडतात. घरातील पुस्तकांचे कपाट मात्र एकच होते.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली आणि जुना मध्य प्रदेश दुभंगला. विदर्भाचे जिल्हे मुंबई राज्यात गेले; जबलपूर नव्या मध्य प्रदेशात राहिले. त्याची राजधानी भोपाळ झाली आणि उच्च न्यायालय जबलपुरास आले. दप्तरांची वाटणी झाली, नोकरदारांचीही झाली. जबलपूरच्या मराठी कुटुंबांचे नागपूरशी असलेले पाऊणशतकाहून जुने राजकीय नाते एका दिवसात संपले. ज्या राज्यात मराठी ही कारभाराची एक भाषा होती, त्या राज्यातून ही कुटुंबे जागची न हलता बाहेर पडली. त्यानंतर मराठीला तेथे सरकारदरबारचा तो जुना आधार उरला नाही. जे काही राहिले ते स्नेहमंडळांत, उत्सवांत, आणि त्याहूनही अधिक घरात वाचल्या जाणाऱ्या पुस्तकांत राहिले.

म्हणूनच अशा घरातील आजीचे वाचन हा केवळ तिचा विरंगुळा मानता येत नाही. एकेकाळी तिने ते चोरून केले. मग संसार सांभाळून केले. आणि म्हातारपणी नातवंडांना जवळ बसवून केले. राइट टाउनमधील नातवाला शाळेत हिंदीसाठी देवनागरी शिकविलेली असते. त्यामुळे आजीच्या मांडीवरील मराठी पुस्तक तो भराभर वाचू लागतो. अडतो तो 'ळ' या अक्षरापाशी. हे अक्षर त्याच्या शाळेच्या पुस्तकात नसते. आजी चष्मा सावरते, त्या अक्षरावर बोट ठेवते आणि त्याच्याकडून तो उच्चार पुन्हापुन्हा म्हणवून घेते. तो नीट आला की मगच पुढील ओळ सुरू होते.