काच

परकराची नाडी सोडली की कमरेवर उरतो तो काच. दोरीचा पीळ मोजता यावा इतका ठसठशीत. खाजतो, काळवंडतो, रात्री त्यावर खोबरेलाचं बोट फिरतं आणि सकाळी नाडी पुन्हा तिथेच करकचते.

या काचातून उठणाऱ्या कॅन्सरचं वैद्यकातलं पहिलं नाव मात्र पुरुषांच्या कपड्यावरून पडलं. परळचं टाटा मेमोरियल १९४१ साली सुरू झालं. तिथले डॉ. वसंत रामजी खानोलकर आणि बी. सूर्याबाई यांनी १९४५ मध्ये अमेरिकेतल्या एका नियतकालिकात भारतातले कॅन्सरचे तीन ‘नवे’ प्रकार मांडले. त्यातला एक ‘धोतर कॅन्सर’. आता धोतर काय नवं होतं? पण रोजच्या राहणीत रोगाचं मूळ शोधायचं, ही नजर नवी होती.

कमरेची तीच दोन बोटं जागा वर्षानुवर्षं घासली जाते. त्यात घाम, धूळ, उकाडा. कातडीचा रंग बदलतो, ती जाड होते, चिरते आणि एक जखम अशी होते की भरायचं नावच घेत नाही. जुन्या व्रणातून उठणाऱ्या अशा कॅन्सरला मार्जोलिनचं नाव आहे. या फ्रेंच शल्यविशारदाने १८२८ मध्ये असे व्रण वर्णिले खरे, पण त्यांतला कॅन्सर त्याला उमगला नव्हता. काश्मिरात फेरन या घोळदार अंगरख्याच्या आत धरलेल्या कांगडी या शेगडीच्या धगीने होणारा कॅन्सरही याच गोतातला. गोऱ्या कातडीला ऊन बाधतं. आपल्याकडे कातडीच्या कॅन्सरची वाट पुष्कळदा अशा जुन्या वणांतून जाते.

धोतराची पँट झाली आणि धोतर कॅन्सर हळूहळू पुस्तकात जाऊन बसला. नाडी मात्र राहिली. मुंबईतल्या डॉक्टरांनी त्याच रोगाला ‘साडी कॅन्सर’ म्हटलं. २०२४ मध्ये वर्धा आणि बिहारमधल्या डॉक्टरांनी दोन बायकांची हकिकत छापली, तेव्हा नाव झालं ‘पेटीकोट कॅन्सर’, आणि बातम्यांना ऊत आला. पहिली बाई सत्तरीची. कुशीवरची जखम १८ महिने भरत नव्हती. दुसरी साठी उलटलेली. तिचा रोग जांघेतल्या गाठीपर्यंत पोचलेला.

ही दुसरी बाई चाळीस वर्षं लुगडं नेसत होती. लुगड्याखाली परकर नसतोच.