उपचार संपेपर्यंतचं घर

पेडण्यात किंवा डिचोलीत एखाद्या पोराचा ताप हटत नाही, अंगावर निळे डाग उठतात, आणि बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात रक्ताच्या कर्करोगाचं निदान होतं. ज्यांना पुढे परळला टाटा रुग्णालयात जावं लागतं, त्यांना पहिली विवंचना पडते ती मुंबईत राहायचं कुठे ही.

ते रुग्णालय एका आठवणीतूनच उभं राहिलेलं. १९३१ साली मेहेरबाई टाटा याच रोगाने गेल्या. त्यांचे पती दोराबजी यांनी त्यांच्या नावे संशोधन निधी ठेवला, आणि २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळचं रुग्णालय उघडलं. समोरचा रस्ता तिथले गोमंतकीय शल्यविशारद डॉ. अर्नेस्ट बोर्जिस यांच्या नावाचा आहे.

मुलांच्या या कर्करोगाचा उपचार साधारण दोन-अडीच वर्षं चालतो. सुरुवातीचे महिने रुग्णालयापासून लांब जाताच येत नाही. केमोथेरपीने पांढऱ्या पेशी उतरलेल्या, आणि मुक्काम फुटपाथवर! जंतुसंसर्ग अशा वेळी जीव घेतो. नाहीतर पैसे संपतात आणि आईबाप उपचार अर्धवट टाकून गाव गाठतात. बरी होऊ शकणारी मुलं अशी जावीत, हे मला सहन होत नाही.

श्यामा आणि निहाल कविरत्ने यांनी २००६ मध्ये मुंबईत ‘सेंट ज्यूड इंडिया चाइल्डकेअर सेंटर्स’ सुरू केलं ते यासाठीच. गरीब कुटुंबाला उपचार चालेपर्यंत विनामूल्य, स्वच्छ, स्वतंत्र जागा. मुलांना खेळ नि शिकवणी, पालकांना समुपदेशन. शिधा संस्था देते, पण सामायिक स्वयंपाकघरात रांधतात घरचीच माणसं. तयार डबे वाटणं सोपं होतं. तरी केमोनंतर तोंडाची चव गेलेलं पोर आईच्या हातची पेज दोन घोट तरी घेतं, म्हणून मला ही व्यवस्था फार मोलाची वाटते. पुढे कॉटन ग्रीनला मुंबई पोर्ट ट्रस्टच्या जुन्या इमारती मिळाल्या. दिल्ली, कोलकाता, जयपूर, हैदराबाद, चेन्नई, गुवाहाटी इथेही केंद्रं झाली.

अशा कामाला गेलेल्यांच्या आठवणीतूनही बळ मिळतं. अमेरिकेत अलेक्झांड्रा स्कॉट या चार वर्षांच्या आजारी मुलीने २००० साली सरबत विकून बालकर्करोगासाठी पैसे जमवायला सुरुवात केली. २००४ मध्ये ती गेली. आईवडिलांनी तिच्या नावाने ते काम पुढे नेलं.

आपल्याकडेही गेलेल्या लेकराच्या तिथीला अन्नदान करणारी घरं आहेत. तीच आठवण आजारी मुलांसाठी देणगी देऊनही जपता येते. सरकारी योजना रुग्णालयाच्या बिलाला हातभार लावतात. खोलीचं भाडं नि बुडालेली मजुरी मात्र घरच्यांच्याच अंगावर पडते. म्हणून कुठल्याही संस्थेला अशी देणगी देताना ती औषधांसाठीच वापरावी अशी अट घालू नये. निवास, शिधा आणि प्रवासासाठीही चालेल, असं लेखी कळवावं.