राजगडाच्या खजिन्यातील परकी नाणी

भोर आणि वेल्हे यांची नावे निघाली की डोळ्यांपुढे गड उभे राहतात. तोरणा, राजगड, रोहिडा. या गडांचा तलवारीचा इतिहास पुष्कळांनी लिहिला असून तो शाळकरी मुलांनाही पाठ असतो. आम्हांस येथे त्यांच्या तराजूचा इतिहास सांगावयाचा आहे. शिबंदीचा पगार, घोडी, दारूगोळा, तटबंदीचा चुना या साऱ्यांस रोकड लागते. ती रोकड कोणाच्या शिक्क्याची आणि तिचा भाव कोणी ठरवावयाचा, हा प्रश्न मावळच्या या डोंगरांत रोजचा होता.

एक गोष्ट सहसा ध्यानात घेतली जात नाही. शिवाजी महाराजांनी आपल्या नावाचे नाणे पाडले ते १६७४ च्या राज्याभिषेकाच्या वेळी. त्यापूर्वी जवळजवळ पाव शतक राजगड ही त्यांची राजधानी होती. म्हणजे राजगडावरील खजिन्यात पडलेले प्रत्येक नाणे परक्या राजाचे होते! तोरण्याची दुरुस्ती चालू असता धन सापडले आणि त्यातून मुरुंबदेवाच्या डोंगरावर राजगड उभा राहिला, अशी परंपरा आहे. ते धनही कोण्या आधीच्या सत्तेच्याच टाकसाळीतले असणार.

त्या काळी दक्षिणेत सोन्याचा होन चाले, तर उत्तरेत मोगलांचा चांदीचा रुपया. होन वजनाने लहान, तीन ग्रॅमच्याही आतबाहेर; रुपया साडेअकरा ग्रॅमच्या घरात. कोकणच्या बंदरांत चांदीची तार दुमडून केलेली लारी चाले आणि वसई-मुंबईकडे पोर्तुगीजांचा शेराफीन. होनही एकजात नव्हते. सभासदाने आपल्या बखरीत महाराजांच्या खजिन्याची जी यादी दिली आहे तीत पातशाही, इभ्रामी, अच्युतराई, देवराई, कावेरीपाकी, गुत्ती, धारवाडी अशी नावांची रांगच आहे. विजयनगरचे राज्य बुडून शंभर वर्षे लोटली तरी त्याच्या राजांचे होन बाजारात मानाने फिरत होते, कारण त्यांतील सोने बुडाले नव्हते.

त्याच यादीत पुतळ्याही आहेत. व्हेनिसच्या सोन्याच्या डुकाटास आपल्याकडे पुतळी म्हणत. त्याच्या एका बाजूस संत मार्कपुढे गुडघे टेकलेला व्हेनिसचा अधिपती आणि दुसऱ्या बाजूस प्रभू ख्रिस्ताची आकृती असे. आकृत्या कोणाच्या हे ठाऊक नसलेल्या लोकांनी तिला पुतळी म्हटले आणि सोने चोख म्हणून माळेत ओवले. मराठी घरांतील पुतळ्यांच्या माळेचा उगम असा समुद्रापलीकडे जातो.

इतक्या जातींचे नाणे एका ठिकाणी आले की सराफ आणि पोतदार यांचे महत्त्व वाढते. नाणे वजन करावयाचे, कसोटीवर घासून कस पाहावयाचा, झिजलेले किंवा कापलेले असेल तर तेवढा बट्टा कापून घ्यावयाचा. (अब्रूला बट्टा लागला असे आपण म्हणतो, तो शब्द या सराफाच्या पेढीवरचाच.) एका मुलखाचे नाणे दुसऱ्या मुलखात नेले की बट्टा आलाच, आणि तो कोणाच्या पदरातून जावयाचा हाच सर्व व्यवहारातील खरा वाद असे.

जानेवारी १६६४ मध्ये सुरतेहून आलेली संपत्ती राजगडाकडे आली. सुरत हे मक्का, इराण आणि युरोप यांच्याशी व्यापार करणारे मोगलांचे बंदर. तेथील पेढ्यांवर साऱ्या जगाचे नाणे येई. त्या धामधुमीत कापुचिन मिशनरी फादर अँब्रोज यांच्या निवासास धक्का लावला गेला नाही, ही फ्रेंच प्रवासी बर्निये याने नोंदवलेली हकीकत आपल्या वाचकांस ठाऊक असेलच.

पुढल्याच वर्षी, जून १६६५ मध्ये, पुरंदरचा तह झाला. मिर्झा राजे जयसिंहाने तेवीस किल्ले घेतले आणि बारा महाराजांकडे ठेवले. आपल्या या मुलखापुरते सांगावयाचे तर भोरजवळचा रोहिडा गेला. वेल्ह्याचे राजगड व तोरणा राहिले. गेलेल्या किल्ल्यांखालील मुलखाचे उत्पन्न चार लाख होन आणि राहिलेल्यांचे एक लाख होन धरले होते. याखेरीज विजापुरी कोकण व बालाघाट यांतील मुलूख आपल्याकडे कायम राहील अशी खात्री मिळाल्यास बादशहास चाळीस लाख होन तेरा वर्षांच्या हप्त्यांनी देण्याचे महाराजांनी कबूल केले.

येथे हिशेब पाहण्याजोगा आहे. मोगलांच्या बाजूने या चाळीस लाख होनांची किंमत दोन कोट रुपये मांडलेली आढळते, म्हणजे होनास पाच रुपये. दक्षिणेतील व्यापारी हिशेबांत होन पुष्कळदा साडेतीन ते चार रुपयांच्या दरम्यान धरला जाई. चार रुपयांचा भाव लावला तर तीच रक्कम एक कोट साठ लाख होते. केवळ भावातील एका रुपयाच्या फरकाने चाळीस लाख रुपयांचे अंतर पडते! ज्याच्या राज्याचे उरलेले उत्पन्न एक लाख होन, त्याने ही रक्कम रुपयांत फेडावयाची म्हटले असते तर भाव ठरवणारा सराफ हा सेनापतीइतकाच भारी ठरला असता. आग्र्याच्या प्रकरणानंतर हा व्यवहार बारगळला.

आग्र्यास जाण्यासाठी महाराज मार्च १६६६ मध्ये राजगडावरून निघाले. वाटखर्चास मोगलांच्या दक्षिणेतील खजिन्यातून एक लाख रुपये मिळाले होते. तरी आग्र्यात नजरकैद लांबली आणि पैसा पुरेना. तेव्हा त्यांनी जयसिंहाचा पुत्र रामसिंह याच्याकडून ६६,००० रुपये घेतले आणि त्याची हुंडी दक्षिणेत वटवण्यासाठी लिहून दिली, असे राजस्थानी पत्रांतून कळते. एवढ्या मोठ्या रकमेसाठी ना बैल लागले ना पहारेकरी. कैदेत असलेल्या माणसाच्या शब्दावर उत्तरेत रुपया मोजला गेला. ऑगस्टमध्ये महाराज निसटले आणि त्याच वर्षी राजगडावर परतले. पेटाऱ्यांची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. या हुंडीकडे मात्र फारसे कोणी पाहत नाही, हे आम्हांस नवल वाटते.

राजधानी पुढे राजगडाहून रायगडास गेली. तेथे १६७४ च्या जूनमध्ये इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन राज्याभिषेकास हजर होता. त्याने आणलेल्या कलमांत एक असे होते की मुंबईचे इंग्रजी नाणे महाराजांच्या राज्यात चालावे. कंपनीने मुंबईत नाणी पाडण्यास १६७२ मध्ये नुकताच आरंभ केला होता, आणि नव्या नाण्यास बाजार हवा होता. महाराजांकडून आलेल्या उत्तराचा आशय असा: ज्या नाण्याने प्रजेस तोटा होईल ते घेण्याची सक्ती आम्ही तिच्यावर करणार नाही, तुमचे नाणे मोगलांच्या व इतर राजांच्या नाण्याइतके चोख व वजनदार असेल तर आम्ही त्यास मनाईही करणार नाही.

या उत्तरामागे राजगडावरील पंचवीस वर्षांचा अनुभव आहे, असे आम्हांस वाटते. स्वतःचे नाणे नसताना ज्याने दहा राज्यांच्या नाण्यांवर राज्य चालवले, त्याला हुकमाने भाव चढत नाही हे सांगावे लागत नव्हते. सक्ती केली असती तर व्यापाऱ्याने आपला बट्टा मालाच्या किमतीत चढवला असता, आणि शेवटी तो मावळातल्या नाचणी पिकवणाऱ्याच्या माथी बसला असता. इंग्रजांच्या राजापूर वखारीच्या नुकसानीपोटी दहा हजार होन देण्याचे याच वाटाघाटींत ठरले. तेही सर्व रोख नव्हते. काही मालाच्या रूपाने आणि काही जकातीतून वळते करून घ्यावयाचे होते.

पुढे भोरच्या पंत सचिवांकडे हा मुलूख आला. शाहू महाराजांच्या काळात चौथाईतील शेकडा सहा, म्हणजे साहोत्रा, सचिवांच्या वाट्यास लावून दिला गेला. ही चौथाई निरनिराळ्या सुभ्यांतून, निरनिराळ्या टाकसाळींच्या रुपयांत येई, म्हणून सराफाचा काटा हलतच राहिला. कंपनीने १८३५ मध्ये आपल्या मुलखासाठी एकच रुपया ठरवला. शिवराई पैसा मात्र त्यानंतरही कित्येक वर्षे देशावरच्या बाजारांत हातोहात फिरत होता.